आबांच्या खिशातलं बटण

मागच्या महिन्यातला रविवार. दुपारी कळसाडीत, आमच्या गावी, घरातलं सगळं आवरून मी नुकतीच टेकले होते... आणि फळीवरचा बझर वाजायला लागला.

आधी त्या बझरची गोष्ट सांगते. मी शहाद्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते. नवरा नोकरीसाठी सुरतला असतो, घरी मी, सासूबाई आणि सासरे, म्हणजे आबा.

आबांचे गुडघे गेलेत, तरी रोज शेतात गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शेत नाल्याकडेला, खोलगट जागेत. तिथे मोबाईलला रेंजच येत नाही.

तर गेल्या वर्षी माझ्या डोक्यात आलं, अख्खं शेत वायरलेस करायचं. वायफायवाले छोटे मायक्रोकंट्रोलर, लांब पल्ल्याचे रेडिओ मॉड्यूल, सोलर पॅनल... सगळं ऑनलाईन मागवलं. जमिनीतली ओल घरबसल्या कळणार, मोटर मोबाईलवरून चालू-बंद होणार, रानडुकरं आली की फोटो येणार.

प्रत्यक्षात ओल मोजणारे सेन्सर गंजले. एका डबीत मुंग्यांनी संसार थाटला. ऊस डोक्यावर गेला तसा सिग्नल मध्येच विरायला लागला, आणि कॅमेऱ्याने आजवर फक्त आमच्याच म्हशीचे फोटो काढले. मोटरचं तर विचारूच नका.

टिकलं ते एकच... आबांसाठी केलेलं बटण. काडेपेटीएवढी डबी. दाबलं की शेतातल्या शेडवरच्या अँटेनामार्फत घरातला बझर वाजतो, बस.

आबांना ते अजिबात पटलं नव्हतं. "मी काय ढोर शे का, गयामा घंटी बांधाले?" म्हणाले. मी म्हटलं, गळ्यात नको, बंडीच्या खिशात ठेवा. रोजची कटकट नको म्हणून ठेवायला लागले.

पण खिशातल्या खिशात दाबलं जाऊन ते कितीतरी वेळा उगाच वाजायचं. सासूबाई वैतागायच्या... "बंद करी टाक माय ते."

त्या रविवारीही मला आधी तसंच वाटलं. पण बझर थांबायचा आणि लगेच पुन्हा वाजायचा. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी चप्पल घातली की नाही, आठवत नाही. गल्लीतल्या दिलीपभाऊंना हाक मारली, त्यांनी पिकअप काढली. रस्ताभर डोळ्यांसमोर एकच... आबा विहिरीजवळ पडलेत.

पोचलो तर आबा बांधावर बसलेले. धडधाकट. मला एकदम हायसं वाटलं.

आणि मग दिसलं, त्यांच्या मांडीवर डोकं टेकवून शेजारच्या शेताचे रमणभाऊ पडलेत. कपाशीवर फवारणी करताना वारा फिरला आणि सगळं औषध अंगावर आलं. आधी उलट्या झाल्या, मग बोलणंच बंद झालं.

आबांनी त्यांचा भिजलेला शर्ट काढून अंगावर ड्रममधलं साधं पाणी ओतलं होतं, त्यांना कुशीवर वळवलं होतं. ते गुडघे घेऊन रस्त्यापर्यंत धावत येणं त्यांना शक्यच नव्हतं. एका हातात ती डबी, अंगठा अजून बटणावरच.

"कव्हयनं दाबी ऱ्हायनू..." एवढंच म्हणाले. केव्हापासून दाबत बसले होते कोण जाणे.

दिलीपभाऊंनी आणि मी रमणभाऊंना कसंबसं पिकअपमध्ये झोपवलं. औषधाची बाटली आबांनी आठवणीनं पिशवीत टाकून दिली. शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यात आधी तीच मागितली.

इंजेक्शनं, सलाईन... आम्ही बाहेर बाकावर. रमणभाऊंची बायको, सुमनवहिनी, निरोप मिळताच आली होती. तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत बसलेली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, वेळेत आणलंत, आता धोका नाही. सुमनवहिनीने माझा हात धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही.

घरी आले तर आबा ओट्यावर वाट बघत होते. रमणभाऊ वाचले म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली, उपरण्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "याना सेल कितला दिन चालस?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. लगेच नवा सेल घातला त्यात.

रमणभाऊ घरी आल्यावर सुमनवहिनी मुद्दाम येऊन गेली. "मन्हा घरले बी एक बनाडी दे, ताई." आता तेच जोडतेय. गंजलेले सेन्सर काढून माळ्यावर टाकलेत, आणि खरं सांगू, त्यांचं वाईट वाटत नाही.

काल सकाळी कॉलेजला निघाले होते. वाटेत शेताजवळ रमणभाऊ दिसले... अंगाने उतरलेले, हातात काही नाही, नुसतेच आपल्या कपाशीकडे बघत बांधावर उभे. मी स्कूटी थांबवली आणि थोडा वेळ बघत राहिले. माणूस आपल्या जागी उभा दिसला, एवढ्यानंच किती बरं वाटतं...