कुशाबांनी धरलेला लोड

लालबागच्या आमच्या चाळीत माणसं पगार लपवत नाहीत, मूळव्याधही लपवत नाहीत. एसी मात्र लपवतात. शेजाऱ्याची दृष्ट लागेल, गावचे पाहुणे मे महिनाभर मुक्काम ठोकतील, अशी भीती. म्हणून मागच्या भिंतीवरच्या यंत्रांवर कुणी गोधडी वाळत टाकतं, कुणी कुंड्या मांडतं.

अशा चाळीची वीज मे महिन्यातल्या एका रविवारी नऊ ते पाच बंद राहणार होती. जमिनीखालची केबल बदलायची होती. भाड्याने डिझेल जनरेटर आणायचं ठरलं. केवढा आणायचा, हे ठरवायला चेअरमन हितेंद्रने चाळीसही खोल्यांत कागद फिरवला. कागद भरून आला तेव्हा आमच्याइतकी विरक्त माणसं हिमालयातही नसतील असं वाटलं. प्रत्येकाकडे दोन पंखे आणि एक ट्यूब!

"छोटा जनरेटर पुरेल," हितेंद्र खूश होऊन म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या तुळसावहिनींना मात्र हा हिशोब पटेना. गिरणीत कापसाचे तंतू गिळून त्यांच्या नवऱ्याची, विठोबांची, फुप्फुसं गेलेली. ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालतं. जोडीला सिलिंडर आहे, पण तो जेमतेम तासभर पुरतो. त्या कागद घेऊन थेट कुशाबा घाडींकडे गेल्या.

कुशाबा म्हणजे पासष्टीचे, काटकुळे, चष्म्याची दांडी वायरने बांधलेले गृहस्थ. विठोबांच्याच गिरणीत, इलेक्ट्रिक खात्यात होते. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि भर दुपारी, सगळे जेवून लवंडल्यावर, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत शिरले. तारेभोवती चिमटा धरला की आतला करंट आकड्यात दाखवणारा मीटर त्यांच्या हातात होता. एकेका खोलीची तार त्यांनी नाडीपरीक्षा करावी तशी तपासली. तासाभराने घामाने निथळत बाहेर आले.

"हितेंद्रा, कागदावर आसा त्याच्या चौपट लोड आसा."

"चौपट? काका, एसी कुणाकुणाकडे आहेत?"

सगळी गॅलरी छताकडे बघू लागली. मीही. आमच्याकडे पाहुणे फार येतात.

"माका तारेचा म्हायत, घराचा नाय," कुशाबा म्हणाले.

चाळीस घरांची बिंगं त्या माणसाने अशी पोटात घातली. बायकोने फोडणी जळवली तरी मी ते चार मजल्यांना सांगतो!

जनरेटर मोठा सांगितला गेला. मग केबल. आमच्या गल्लीत जनरेटरची गाडी शिरत नाही. तो हमरस्त्यावर, नव्वद मीटर लांब उभा राहणार. भाडेवाला बारीक केबल घेऊन आला.

"ही तापतली," कुशाबा म्हणाले. "आणि इतक्या लांबसून येताना व्होल्टेज वाटेतच गळतला. जाडी आण."

जी आली ती अजगरासारखी. चार जणांनी खांद्यावरून आणली.

रविवारी नऊला वीज गेली. कुशाबांनी आधीच सगळ्यांचे मेन स्विच बंद करायला लावले होते. वहिनींनी विठोबांची नळी सिलिंडरला लावली आणि जिन्यातून ओरडल्या, "भावजी, पयलो आमचो चालू करा!"

"नाय वयनी. पयलो पाण्याचो पंप."

"पंप? माझो घोव हडे सिलिंडरवर..."

"पंप उठताना पाचसहा पट करंट खाता. त्याचो हिसको विठोबाच्या मशीनाक बसता नये. दांडगो आधी, नाजूक मागसून."

पंप सुरू झाला. रस्त्यावरचा जनरेटर एकदा घशातून घोगरा कण्हला, जिन्यातला दिवा मिणमिणला. कुशाबांची नजर मीटरवर. आकडा उसळला, खाली आला, ठरला.

"वयनी, लावा."

मशीनची घरघर सुरू झाली. मग मजल्यामजल्याने एकेका खोलीचा स्विच लागला.

दुपारी दोनला गोधड्यांआडची झाडून सगळी यंत्रं ठिबकत होती. जनरेटरचा सूर हलला नाही. कुशाबांनी केबलवर तळवा ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा, आणि तीन मजले चढून गेले. विठोबा तोंड उघडं टाकून घोरत होते.

वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, चाय ठेवली आसती. पण माझी विजेची शेगडी कागदावर लिवूक नाय मी. लावली तर ह्येंचा मशीन बंद पडात."

"ठेवा," कुशाबा उंबऱ्यावर टेकत म्हणाले. "ती हिशोबात धरलंय मी."