रिकामी फिरणारी गिरणी

मुलांनो, माजलगावला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. ती चालवणारी बाई दळण संपलं तरी गिरणी बंद करत नसे. दीर ओरडायचा, "वैनी, दगड झिजतेत की!" ती नुसती हसायची.

एकदा भर दुपारी वीज गेली. बायका डबे ठेवून निघाल्या, तशी तिनं माझा हात धरला. "काकू, जाऊ नका. कायबी बोलत ऱ्हावा." मग हळूच म्हणाली, "सासरा मरून लई वर्सं झाली. पण सगळं गप झालं की शिव्या देतो. मारताना द्यायचा, त्याच."

वीज येईपर्यंत मी तिला लिंबाच्या लोणच्याची कृती सांगत बसले.

फार भोगलेल्या माणसाच्या मेंदूतले भाग एकमेकांशी वेगळेच जोडले जातात आणि आतलाच आवाज बाहेरून आल्यासारखा वाटतो, असं तुमची मुक्ताताई आता तिकडे डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकते. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं, की तिला शांतता सोसत नाही.

पुढे घरोघरी छोट्या चक्क्या आल्या. दिरानं गिरणी विकली आणि तिची सोय मळ्यात केली. मी त्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "मग तर तिला शांत जागाच पायजे, काकू."

ती निघाली तेव्हा मी माझा ट्रान्झिस्टर बातम्या लावून तिच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला. "ही बाई माझ्याशी न्हाई ना बोलत?"

"नाही गं, सगळ्यांशी बोलते."

"मग बरं हाय."

बैलगाडी वळेपर्यंत बातम्या ऐकू येत होत्या. मळ्यात सेल कोण आणून देणार, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.