पाणवठ्याजवळची बाज

मी जन्माची भित्री. पालीला भिते, गॅस पेटवताना भिते, एसटी वळणावर झुकली तरी समोरचा दांडा घट्ट धरते. नवरा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझं म्हणणं, राक्षस असतोच, भित्र्याला तो आधी दिसतो एवढंच. त्यामुळे यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी कुठल्यातरी राष्ट्रीय उद्यानात जायचं असं घरात निघालं, तेव्हा माझी झोप उडाली.

लेकीला ताडोबा हवा होता. तिच्या वर्गातली एक मुलगी तिथं वाघ पाहून आली होती आणि वर्षभर तेच ऐकवत होती. नवऱ्याला मेळघाट बरा वाटत होता, परतवाड्याच्या पुढं घाट चढला की हवा गार म्हणून. मी कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य सुचवलं. आमच्या कामरगावहून जवळ, डबा घेऊन जावं आणि संध्याकाळी घरी यावं.

"आई, तिथं फक्त हरणं!" लेक फणकारली.

म्हटलं, म्हणूनच. मला न खाणारं कोणतंही जनावर बघायला मी आनंदानं येईन.

एका दुपारी कूलरसमोर बसून नवरा मोबाइलवरून वाचून दाखवत होता. उन्हाळ्यात नाले आटतात, झाडं ओकीबोकी होतात. मग जिथं पाणी उरलं तिथं वाघ येतोच. "शोधायचं कामच नाही," तो खूश होऊन म्हणाला. "पाण्याजवळ गुमान बसून राह्यलं का तो सोताच येते."

मी उठून फोन शोधायला लागले. कारण आमच्या घरचं एक माणूस रोज दुपारी पाण्याजवळ झोपत होतं.

ते माणूस म्हणजे मामाजी, माझे सासरे. गावाबाहेर धनजच्या वाटेवर आमची संत्र्याची बाग आहे. उन्हाळ्यात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं तहानेपायी ठिबकच्या नळ्या चावून ठेवतात. त्यावर मामाजींचा उपाय असा, की बागेच्या कडेला खड्डा खणायचा, त्यात ताडपत्री अंथरायची आणि रोज पाइप लावून तो भरायचा. प्यायला मिळालं की जनावरं नळ्यांना तोंड लावत नाहीत. इथवर ठीक होतं. पण गारवा मिळतो म्हणून त्यांनी आपली बाजही त्याच खड्ड्याशेजारी, संत्र्याच्या सावलीत टाकली होती. सासूबाई गेल्यापासून दुपारचं घर त्यांना खायला उठायचं.

आमच्याकडे शिवारात वाघाचं नाव घेत नाहीत, नुसतं 'जनावर' म्हणतात. नाव घेतलं की येतो. आणि आम्ही तर सकाळपासून त्याच्याच नावाचा जप लावला होता.

मी मामाजींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. लेकीला शेजारी सोडून आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. ऊन मी म्हणत होतं.

मामाजी बाजेवर झोपले होते, तोंडावर दुपट्टा. त्यांची छाती वरखाली होताना दिसली तेव्हा कुठं मी श्वास घेतला. मग खड्ड्याकडे पाहिलं. ओल्या चिखलात रोह्यांच्या खुरांमध्ये एक गोल ठसा होता, वरणाच्या वाटीएवढा. चार बोटं. नख कुठंच नाही, म्हणजे कुत्र्याचा नव्हे. ठसा आणि बाज यांच्यामध्ये फक्त एक संत्र्याचं झाड होतं.

"मामाजी, उठा! इथं जनावर येऊन गेलं!"

ते उठले, वाकून बघितलं. "येऊन राह्यलं ते दोन-तीन रोजापासून," म्हणाले. "पाणी पेते अन् जाते."

"तुमाले माहीत होतं? मंग सांगतलं काहून नाही?"

"तू भेतं म्हणून."

वनरक्षक येऊन बघून गेला. बिबट आहे, निघून जाईल, पण इथं झोपू नका म्हणाला. मी म्हटलं, खड्डाच बुजवा. मामाजी हसले. "बुजवला तर ते गावातल्या हौदावर येईन. तहान त्याले बी लागते ना वं." खड्डा तसाच राहिला. बाज तेवढी घरी आणवली आणि संध्याकाळचं बागेत थांबायचं नाही असं कबूल करून घेतलं. मामाजी 'बरं' म्हणाले. त्यांचं 'बरं' मी ओळखून आहे.

सहल रद्द करावी असंच माझं म्हणणं होतं. लेक रडकुंडीला आली. शेवटी मामाजींनीच निकाल दिला. "ताडोबाले जा. तिथी माणसं गाडीत बसते अन् जनावर मोकळं फिरते. तेच बरं हाय."

तिथं पोचलो त्या दिवशी मी सकाळपासून मामाजींना फोन लावत होते. उचलला नाही. दुपारी गेटवर आमचे फोन ठेवून घेतले आणि जिप्सी आत निघाली. माझा जीव टांगणीला.

पाणवठ्याशी गाडी थांबली आणि तो खरंच आला. पाठमोरा होऊन पाण्यात बसला. लेकीनं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. जिभेचा लपलप आवाज आमच्यापर्यंत येत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. मी काठावरच्या सावलीकडे बघत होते. तिथं एक बाज सहज मावली असती.

परत गेटवर आल्याबरोबर फोन घेतला. दिवस बुडायला आला होता. या वेळी त्यांनी उचलला.

"मामाजी, कुठी आहा तुमी?"

"घरीच हाओ. दिसला का पोरीले?"

"दिसला."

त्यांच्या मागून पाइपातून ताडपत्रीवर पाणी पडल्याचा आवाज येत होता. ते बागेत होते, एकटे, त्या खड्ड्याच्या काठावर. मला राग आला आणि रडूही आलं.

"पाणी पेला का त्यानं?" मामाजींनी विचारलं.

"पेला," मी म्हणाले. "आता तुमी मोटर बंद करा अन् घरी चाला. फोन कानालेच राहू द्या."

ते काहीतरी पुटपुटले, पण पाण्याचा आवाज थांबला. गेटवरच्या त्या गर्दीत मी उभी राहिले आणि त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत राहिले, ते वेशीत शिरून आमच्या गावातली कुत्री भुंकायला लागेपर्यंत.