वानखेडे सरांच्या साखळ्या

शाळेची स्टाफरूम म्हणजे किस्स्यांची अडगळच. तास सुटला की नवा येऊन पडतो, जुना कोणी फेकत नाही. पन्नासच्या दशकात वर्ध्याच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायची. तेव्हाचे माझ्याजवळचे बहुतेक किस्से रसायन शिकवणाऱ्या वानखेडे सरांचे. मूळचे हिंगणीचे, शेतकऱ्याघरचे. प्लॅस्टिक नुकतंच बाजारात येऊ लागलं होतं आणि लोकांनी त्याला परकं मानू नये, अशी या माणसाची तळमळ. ऐकत मात्र कोणी नसे, घरचेसुद्धा!

*

एकदा त्यांनी अख्खा वर्ग मैदानात हातात हात देऊन उभा केला. एकेक पोरगा म्हणजे एकेक रेणू, सगळे मिळून पॉलिथीन! हेडमास्तर धावत आले. "काऊन हो, कवायत सुरू आहे का?"

"नाई सर, पिशवी बनवून राह्यलो!"

*

संस्कृतच्या शास्त्रीबुवांचा कंगवा सेल्युलॉइडचा. त्यात कापूर असतो, घासलं की वास सुटतो. सरांनी तो तळहातावर खसाखसा घासून बुवांच्या नाकाशी धरला. बुवांनी सवयीने डोळे मिटून हात जोडले.

"आरती मंग करा बुवा, पहिले भांग पाडून घ्या!"

*

सेल्युलॉइड कापसापासून होतं, हे त्यांनी सिंदीच्या बाजारात एका कास्तकाराला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो पिशवीभर कापूस घेऊन शाळेत हजर! "मास्तर, मले एक कंगवा करून द्या." सरांनी न हसता समजावलं. कापसातही लांब साखळ्याच असतात, त्यावर नायट्रिक ॲसिडची क्रिया करावी लागते. ती जास्त झाली, तर त्याच कापसाची बंदुकीची दारू होते.

कास्तकाराने पिशवी उचलली. "नाई बापा, आमची गादीच बरी."

*

रेडिओचं बेकेलाइटचं बटण तुटलं. हेडमास्तर म्हणाले, "वितळवून जोडा."

"जमत नाई सर. याच्या साखळ्या आडव्याउभ्या बांधल्या असतात. एकदा घट्ट झालं, की कितीबी तापवा, वितळत नाई."

"इतकं अडेल कोणी असतं का?"

"तुमच्या तोंडावर कसं सांगू, सर!"

*

पुढचा किस्सा सरांच्या घरचा.

विहिरीवर पाणी ओढताना वानखेडे वहिनींच्या काचेच्या बांगड्या फुटायच्या, मनगटात रुतायच्या. म्हणून सरांनी नागपूरहून प्लॅस्टिकच्या आणल्या. सरांच्या आईंना प्लॅस्टिकचा विटाळ, स्वयंपाकघरात साधा कपही चालत नसे. सुनेच्या हातात ते बघून त्या कितीतरी दिवस कुरकुरल्या. वहिनींनी बांगड्या काढल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात सर तापाने गेले. त्यांच्या नालवाडीच्या घरी मी वहिनींजवळ बसले होते. रिवाजाप्रमाणे बायकांनी त्यांचा हात पाट्यावर ठेवला आणि बांगड्यांवर दगड मारला. बांगड्या दबल्या आणि परत गोल झाल्या. पुन्हा मारला. तसंच. मला ते बघवेना.

"काढून टाका मंग," कोणीतरी म्हणालं.

वहिनींनी हात छातीशी ओढला. "नाई. ह्या त्याइनं आणल्या. मी नाई काढत."

सगळ्या आईंकडे बघू लागल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, आईंचे हात तेव्हापासून मोकळे. त्या उठल्या, सुनेजवळ येऊन बसल्या आणि आपल्या लुगड्याचा पदर तिच्या मनगटांवर ओढला.

"झाकून ठेवजो, माय."