व्हॉल्व बसला होता

कोकणातल्या मिस्त्रीने चाकणच्या ठेकेदाराचं इंजिन नासवलं, असं आमच्या भागातली जुनी माणसं अजून सांगतात. ते खोटं आहे.

पन्नास सालानंतरचा काळ. पिंपरीकडे कारखाने नुकते उभे राहत होते. चिंचवडला रस्त्याकडेच्या गॅरेजात आम्ही दोघंच मिस्त्री. मी कुरुळीचा, तो मालवणकडचा. मी कामाला बसलो की त्याचं सुरू व्हायचं.

"हलक्या हातान. तो व्हॉल्व हा, ढेकूळ न्हय."

"व्हय, आमी ढेकळं फोडणारे. तू आधी नाकातनं बोलायचं बंद कर, मंग शिकव."

त्याचा हात खरंच चांगला होता. म्हणून तर मला तो डोळ्यांपुढे नको असे.

ठेकेदाराच्या मोटरसायकलीला दम राहिला नव्हता. मालवणच्या मिस्त्रीने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. व्हॉल्व आपल्या सीटवर नीट बसत नव्हते. पेस्ट लावून फिरवायचं, उचलायचं, पुसायचं, असं त्याने दुपारपर्यंत केलं. कडेने सारखी राखाडी रेघ उमटल्यावर गळतंय का बघायला वरून रॉकेल ओतलं. खाली थेंब झिरपला नाही. मग तो पुण्याला गास्केट आणायला निघाला.

"ठेकेदार इलो तर सांग, व्हॉल्व बसलो."

ठेकेदार आला. उघडं हेड बघून त्याने विचारलं, "काय झालं?"

"व्हॉल्व बसला."

आमच्याकडे धंदा बसतो, विहीर बसते, भिंत बसते. म्हणजे खचते. त्याने काय अर्थ घेतला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"बसला?"

"बसला."

मी चिंधीला हात पुसत राहिलो. ठेकेदार गॅरेजच्या मालकावर तुटून पडला. मालक मूळचा कापडवाला, त्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. संध्याकाळी मिस्त्री परतला तेव्हा मालकाने त्याला दारातच अडवलं.

"बसलो म्हणजे बरो बसलो, मालकानु. रॉकेल घालून बघा."

"इंजिनात रॉकेल? आता आग लावतोस का?"

"मग तेका इचारा."

मालकाने माझ्याकडे बघितलं.

"मला काय म्हाईत? मी हात लावला न्हाई," मी म्हणालो.

गास्केट टेबलावर टाकून तो निघून गेला. तीच गास्केट घालून मी हेड चढवलं, नट आवळले. गाडी एका किकेत सुरू झाली. "भावा, वाचवलीस," ठेकेदार म्हणाला. मी मान डोलावली. तेव्हापासून व्हॉल्वचं काम माझ्याकडे येऊ लागलं, आणि त्याला या पट्ट्यात कुणी इंजिनाला हात लावू दिला नाही.

पुढे एकदा देहूरोडला माझ्या गाडीचं चाक बसलं म्हणून मी एका सायकलच्या दुकानापाशी थांबलो. पंपावर तोच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पंप उचलून आत नेला.

"तुझ्या गाडयेक मी हवा मारूचंय नाय."

मी गाडी ढकलत निघालो. मागून तो थुंकल्याचा आवाज आला.