दाजींचा घामेजणारा बंब

आमच्या दाजींनी हात लावला आणि बिघडली नाही अशी वस्तू अख्ख्या कोल्हापुरात नसेल, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायची छाती असलेला माणूसही नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शुक्रवार पेठेत घर, गिरणीत हजेरी मांडायची नोकरी, भरघोस मिशा आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक पक्कड. लोक खिशाला पेन लावतात, हे पक्कड लावायचे. एका लग्नात लाऊडस्पीकर जरासा कुरकुरला, तर हे पंगत धरायच्या घाईने उठून मंडपामागे गेले, आणि भटजींना पुढची सगळी मंगलाष्टकं नुसत्या घशाच्या जोरावर ओढावी लागली. मी जाब विचारला, तर म्हणाले, "मशीन मुळातच दमल्यालं हुतं, पावणं. मी फकस्त त्येला इसावा दिला." मी शेजारच्याच गल्लीत राहत होतो, पण बायकोचा भाऊ तो पावणा, मग तो दिवसातनं चारदा चहाला का येईना. या हिशेबाने दाजींनी मला जन्मभर पावणाच म्हटलं.

तरी इतर वस्तूंचं नशीब बरं म्हणायचं, त्यांच्या वाटेला दाजी कधीमधी यायचे. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाच्या मागे मात्र ते हात धुऊन लागले होते. बंब म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. मोठा तांब्याचा उभा डेरा, पोटात पाणी, मधून आरपार नळी, त्या नळीत शेणी आणि लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या, आणि बाजूच्या तोटीतून कडकडीत पाणी घ्यायचं. दाजींचा बंब गळायचा. बाहेरून गळायचा तो गळायचाच, पण आतल्या नळीतही गळायचा, त्यामुळे जाळाने पाणी तापायचं आणि त्याच पाण्याने जाळ विझायचा. रोज सकाळी धूर व्हायचा, आणि त्या घरातला खोकला ऐकून शेजारचे लोक उठायचे. पण बंब गळतोय असं दाजींपुढे बोलायची सोय नव्हती. "गळत न्हाय त्यो," ते म्हणायचे. "घामेजतोय. माणूस न्हाय व्हय घामेजत जाळापाशी?" अक्का बिचारी त्या घामाखाली घंगाळ ठेवायची आणि त्यात भांडी विसळायची. "घाम तर घाम," ती म्हणायची, "गरम हाय न्हवं."

घामावर दाजींचे इलाज चालू असायचे. साबण लावून झाला, मेण झालं, उडदाचं पीठ झालं. उकडलेला बटाटासुद्धा झाला, तो अक्काने भाजीसाठी ठेवला होता. मग कुणीतरी गूळ आणि चुना सांगितला. आता गुळाला आमच्याकडे काय तोटा? दाजींनी ढेपच्या ढेप कालवून बंबाला थापली. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात मुंग्यांची रांग लागली, आणि जाळ केल्यावर गूळ पाघळून तोटीखालच्या बादलीत उतरला. त्या दिवशी पेठ वडगावहून दाजींचे चुलते आले होते. ते आंघोळ करून बाहेर आले, दंडाला जीभ लावून पाहिली आणि म्हणाले, "गुऱ्हाळात न्हाल्यागत वाटतंय रं." दिवसभर ते बसतील तिथे चिकटत होते.

गल्लीच्या तोंडाशी बाबूभाईंचं दुकान होतं. बंब, घंगाळी, पातेली यांची भोकं कथील वितळवून बुजवायचा, म्हणजे डाग द्यायचा, त्यांचा पिढीजात धंदा. दाजी दिसले की ते मोठ्याने विचारायचे, "दाजी, बंब आणताय न्हवं?" आणि दाजी न थांबता म्हणायचे, "तुमची भट्टी इझंल, पर माझा बंब दारात येणार न्हाय." हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि दोघांनाही त्याशिवाय करमत नसावं.

अशात दाजींच्या एकुलत्या लेकीला, सुमीला, दिवस गेले. ती दिली होती पुण्याला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, म्हणून दाजींनी पाळण्याला तेलपाणी सुरू केलं. पाळणाही कुरकुरायला लागला, ती गोष्ट वेगळी. तेवढ्यात सुमीच्या सासूबाई अंबाबाईची ओटी भरायला कोल्हापूरला आल्या आणि दाजींकडे उतरल्या. बाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. संध्याकाळी जेवताना म्हणाल्या, "रीत मला मान्य आहे. पण बाळ-बाळंतिणीला रोज सकाळी वेळेवर कडक पाणी लागतं. आमच्याकडे गिझर आहे. तुमची काय सोय आहे ते उद्या बघते, मग ठरवू." अक्काचा हात पोळीवरच थांबला. लेक लग्न होऊन गेल्यापासून सलग राहायला म्हणून आलीच नव्हती. आता आली तर यायची, नाहीतर मग कसली येतेय.

दाजी उजाडायच्या आधी उठले. बंब चिंच लावून घासला, त्याला हार घातला, आणि घामाच्या प्रत्येक जागी ताजा लेप थापला. लेप ओला होता. बंबात पाणी ओतलं तर तो सुटणार. म्हणून दाजींनी डोकं चालवलं आणि लेप वाळवायला आधी जाळ केला, रिकाम्या बंबात. कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की बंबात आधी पाणी आणि मग जाळ, नाहीतर डाग वितळतात. दाजींनाही ते ठाऊक होतंच की. पण लेकीच्या काळजीने ठाऊक असलेलंही सुचेना झालं. विहीणबाई केस सोडून, खांद्यावर पंचा टाकून दारात आल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तोटी गळून खाली पडली. मागोमाग बुडाचा डाग सुटला आणि बंब गळ्यातल्या हारासकट एका अंगाला कलला.

"तोटी काय, परत बसती की," दाजी म्हणाले.

विहीणबाईंनी चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी घेऊन आंघोळ उरकली, ओटी भरून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सुमनला आम्ही तिकडेच ठेवून घेतो. मी उद्याच्या एसटीने निघते."

कुठल्याही बोलण्याला उत्तर असलेले दाजी खाली बसून बंबाच्या गळ्यातला हार उतरवू लागले. मला त्यांचा राग राग आला होता, पण ते तोंड बघवेना. मग ते उठले, बंब सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि मला म्हणाले, "धरा, पावणं." आम्ही बाबूभाईंच्या दारात उभे राहिलो. बाबूभाईंनी बंब पाहिला, दाजींचा चेहरा पाहिला आणि ठरवून ठेवलेलं सगळं बोलणं गिळलं. नुसते खरवडायला बसले. एकेक पापुद्रा निघत होता आणि ते विचारत होते, "ह्ये काय?" दाजी मान खाली घालून सांगत होते, "बटाटा." "आणि ह्ये?" "उडीद." शेवटी बाबूभाई म्हणाले, "दाजी, ह्ये सगळं काढलं तर नुसती भोकं ऱ्हातील."

"ऱ्हाऊ द्या," दाजी म्हणाले. "पर उद्या सकाळच्याला गळाय नको. लेकीचा सवाल हाय." बंब गळतो हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई न्हाणीघरातून लालबुंद होऊन बाहेर आल्या. चहाचा कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पाणी जरा जास्तच कडक होतं. पाठवते सुमनला."

सुमी आली, मुलगी झाली. दाजी रोज पहाटे बंब पेटवायचे आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर पाठ करून बसायचे. आत नात पाणी पडलं की टाहो फोडायची आणि हे बाहेर मिशीत हसायचे. पक्कड खिशातच असायची, पण तिला काही काम नव्हतं. सुमी परत निघाली तेव्हा पाळण्याबरोबर दाजींनी बंबही टेम्पोत चढवला. "अवो, त्यांच्याकडं गिझर हाय," अक्का म्हणाली. "लाईट जाती की," दाजी म्हणाले, "पोरीला गार पाण्यानं घालतीस व्हय आंघोळ?" पुढे दाजींच्या घरात पाणी स्टोव्हवर पातेल्यात तापू लागलं.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही पुण्याला गेलो. बंब दिवाणखान्याच्या कोपऱ्यात होता. आरशासारखा घासलेला, तोटी चकचकीत, आणि वरच्या नळीत जाळाऐवजी एक शोभेचं झाड लावलेलं. आता दाजी काहीतरी बोलणार म्हणून मी त्यांच्याजवळ सरकलो. पण ते सरळ पुढे गेले. बंबापाशी उकिडवे बसले, बुडाखाली हात घातला, सगळीकडून फिरवला आणि तळवा उजेडात धरून पाहिला.

"एक थेंब न्हाय, पावणं," ते म्हणाले.

आणि मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. एखादा तरी थेंब त्यांच्या हाताला लागायला हवा होता.