शिट्टी दोराला होती

आमच्या मच्छीमार लाँचवर इंजिनाच्या धडधडीत हाक ऐकू जात नाही. म्हणून तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारतो. लांब शिट्टी आली की दोर ढिला सोडायचा. आठवीत शाळा सोडून रत्नागिरीच्या बंदरातून समुद्रावर गेलो तेव्हा मी आधी हे शिकलो. इटलीत तेच माझ्या अंगाशी आलं.

मी राहतो त्या शहरात एक जुनं ऑपेरा हाऊस आहे. आत लाल मखमल, सोनेरी नक्षी, आणि भिंतीत कोनाडे कोरावेत तसे एकावर एक सज्जे. तिथले पडदे अजून हातानं, दोर ओढून वरखाली करतात. मला गाठी मारता येतात एवढं बघून तिथल्या म्हाताऱ्या मुकादमानं मला कामावर घेतलं. भाषा नाही, शिक्षण नाही, तरी घेतलं. हे मी विसरणार नाही.

पण पहिले तीन महिने कच्चे होते. पक्का झालो तरच परवाना पुढे वाढणार, आणि तरच बायकोला नि मुलीला इकडे आणता येणार. त्या दोघी संगमेश्वरकडे माझ्या थोरल्या भावाच्या घरात एका खोलीत दिवस काढतायत. मी रोज मुकादमाला विचारायचो, माझं काम बरं आहे ना?

तो म्हणायचा, "समुद्रवाल्या, आणखी एकदा विचारलंस तर वाईट आहे म्हणून सांगेन."

त्यानं मला एकच गोष्ट बजावली होती. इथे शिट्टी मारायची नाही. गाणं पडलं की इथले लोक शिट्ट्या मारतात, आणि गाणाऱ्याला त्याच्याइतका दुसरा अपमान नाही.

तीन महिने संपत आले तेव्हा एक जुना विनोदी ऑपेरा लागला. एक म्हातारा आपल्या घरी वाढलेल्या पोरीशी लग्न करायला बघतो आणि पोरगी त्याला गुंडाळते, असा खेळ. पोरीचं काम करणारी बाई नवीन होती. रविवारी दुपारी थिएटर भरलेलं. लोक पोट धरून हसत होते, आणि मी आत दोर धरून घामाघूम उभा होतो.

तिचं मोठं गाणं चालू असताना बागेचा पडदा हळूहळू वर जायचा होता. तो मध्येच अडकला. माझ्या समोरच्या गड्यानं दुसरा दोर आवळून धरला होता आणि त्याचं लक्ष तिच्याकडे. आणखी ओढला असता तर पडदा फाटला असता. माझी बोटं तोंडात कधी गेली ते मला कळलं नाही.

गाणं थांबलं. ती प्रेक्षकांकडे बघत राहिली. वादकही थांबले. वरच्या सज्ज्यातून कुणीतरी हसलं. मग वाद्यं पुन्हा सुरू झाली, तीही गायली, पण आवाज कापत होता. मला वाटलं, इथेच जमीन दुभंगावी नि मी खाली जावं.

खेळ संपल्यावर ती आत आली. चेहऱ्यावरचा रंग ओघळलेला.

"शिट्टी मला मारलीस?"

"नाही बाई. दोराला." मी हातांनी लाँच, जाळं, इंजिन, सगळं करून दाखवलं. तिनं मुकादमाकडे बघितलं.

मुकादम म्हणाला, "हा खरं बोलतोय. याला खोटं बोलण्याइतकी भाषा येत नाही."

ती हसली नाही. मान हलवून निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी मॅनेजरला जाऊन तिनं काहीतरी सांगितलं. काय ते मला अजून माहीत नाही. मला काढलं नाही. दोरांवरून उचललं आणि तळघरात कपड्यांना इस्त्री करायला ठेवलं. आणखी तीन महिने कच्चे.

त्या बाईचे उपकारच. इस्त्री करताना मी दर वेळी हे मनाशी म्हणतो.

तळघरात पाठवलं त्याच दिवशी बायकोला फोन केला. काम आहे म्हणालो. कागदाचं अजून नाही म्हणालो.

"म्हंजे या वर्षी नाय?"

"बघू."

"बघू काय? पोरीचा नाव इकडच्या शाळेत घालायचा काय नाय, तेवढा सांगा. सोमवारी शेवटचा दिवस हाय."

मागे भावजय कुणावर तरी ओरडत होती.

"घाल," मी म्हणालो.